देवकाबाई कासारणीनं आणलेली खबर

बाई सगळ्यात मोकळी बोलते ती कासारणीपुढे. बांगडी हाडावर अडली की कळ येते आणि कळ विसरायला ती बडबडते. सौंसरच्या देवकाबाईनं बेचाळीस साली ह्याचंच हत्यार केलं. तिकडे महायुद्ध पेटलेलं, इकडे चळवळीतल्या लोकांची धरपकड चाललेली. देवकाबाई फौजदाराच्या बायकोचा हात धरायची, मुद्दाम तंग बांगडी चढवायची आणि नवरा कुठे धाड घालणार ते काढून घ्यायची. एकदा ‘आज रामाकोना’ एवढंच कानावर पडलं. तशीच डोक्यावर टोपली घेऊन ती रामाकोन्याला पोचली. तिथे लपलेले चळवळीचे पुढारी केशवराव निसटले, ते तिच्यामुळे.

पण गावानं काय पाहिलं? कासारीण फौजदाराच्या घरी जाते. झालं, ठरली पोलिसांची खबरी! लग्नाचा चुडा भरायला लोक पांढुर्ण्याहून दुसरी कासारीण आणू लागले. देवकाबाईपुढे कोणी हात करीना. केशवराव तिला म्हणाले होते, "इंग्रज जाऊ दे, देवकाबाई. खरं काय ते चार लोकायत मीच सांगतो." त्या शब्दावर तिनं सगळ्या शिव्या गिळल्या.

इंग्रज गेले. सौंसरात मांडव पडला, केशवरावांच्या गळ्यात हार पडले. भाषणात ते म्हणाले, "धाड येणार हे मी माझ्या अकलेनं ओळखलं!"

देवकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरल्या मांडवात ती उभी राहिली.

"केशवराव, माहं नाव काऊन गिळून राहिले? लोक मले खबरी म्हणून राहिले. सांगा ना, रामाकोन्याले निरोप कोनं आनला होता?"

केशवराव लोकांकडे पाहून हसले. "बाईमाणसाच्या भरवशावर का चळवळ चालते, बाई? बसा खाली."

मांडवही हसला. ज्याचा जीव वाचवला तोच असा खोटारडा निघाला! पुढे बसलेल्या म्हाताऱ्या कवडूला मात्र ते सोसवलं नाही. रामाकोन्यात त्यानंच केशवरावांना घरात ठेवलं होतं.

"खोटं बोलून राहिला हा!" तो ओरडला. "निरोप हिनंच आनला होता, माह्या दारात! देवकाबाई, भर याच्या हातात बांगड्या!"

लोक टाळ्या पिटू लागले. देवकाबाईनं टोपली उचलून डोक्यावर घेतली.

"नाई भरत, कवडूभाऊ," ती म्हणाली. "बांगड्यायच्या हातानंच याचा जीव वाचवला. बांगडी घालाले अंगात हिंमत लागते. याच्या हातात शोभत नाई ते."