शेपटीला टांगलेले बोंबील

आज शेजारी सुके बोंबील भाजले आणि मी तीस वर्षं मागे, किहीमच्या नानांच्या ओटीवर जाऊन बसले. नाना मुलांसाठी गोष्टी लिहीत आणि चित्रंही स्वतःच काढत. चित्र पुरं झालं की आधी मला दाखवत. मी "छान" म्हणायचे आणि खडीसाखर घ्यायचे. आमचं उत्तम चाललं होतं.

त्या दिवशी शेवटचं चित्र मुंबईच्या छापखान्यात जायचं होतं, नाहीतर पुस्तक दिवाळीला निघणार नव्हतं. मांडव्याची बोट गाठायला टांगा दारात उभा होता. तेवढ्यात मासळी घेऊन आलेली जनाबाई चित्रात डोकावली.

"नाना, बोंबील शेपटीला कुनी टांगलं? जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात, ठाव न्हाय?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "तू रोज कोळीवाड्यातून येतेस. तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं," मी म्हटलं.

नानांनी आठ दिवस खपून काढलेलं चित्र फाडलं, टांगा रिकामा परत पाठवला आणि खडीसाखरेचा डबा जनाबाईपुढे धरला.

तेव्हा मला तो घोर अन्याय वाटला. आता माझ्या गोष्टीला कुणी चटकन "छान" म्हटलं, की मी आधी त्याचा हात पुढे आलाय का ते बघते.