जेटीवरच्या काळ्या टाक्या

काटा परत येत नव्हता. सकाळपासून मी आणि बर्वे साहेब आळीपाळीने दुर्बिणीतून त्याच्याकडे बघत होतो. अर्ध्या वाटेवर येऊन तो जो बसला होता, तो हलायला तयार नव्हता. आमच्यामागे काठावर अख्खं गाव बसलं होतं.

मी देवासची, स्ट्रक्चरल इंजिनियर. जुनं बांधकाम वजन पेलेल की नाही, हे सांगायचं माझं काम. पूल तपासलेत, शाळांचे स्लॅब तपासलेत, जेटी ही पहिलीच. जेटी म्हणजे पाण्यात पुढे काढलेला काँक्रीटचा धक्का. त्याला नाव लागते आणि माणसं पाय न भिजवता चढतात. ही धार जिल्ह्यातली, डही गावाच्या खाली, नर्मदेच्या बॅकवॉटरवर. धरणामुळे तिथे नदी इतकी पसरली आहे की उन्हात समोरचा काठ दिसेनासा होतो. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी गाडीतून उतरून तिथेच खाली बसले. बर्वे साहेबांना वाटलं, मला गाडी लागली.

जेटी दोन पावसाळे पाण्याखाली राहिली, कडेचं काँक्रीट निखळलं आणि खात्याने फाटकाला कुलूप ठोकलं. तेव्हापासून नाव चिखलात लागते. ‘जेटी खोलो’ म्हणून गावाने मोहीम धरली ती आपल्या पद्धतीने. दर अमावस्येला नर्मदेत स्नान करायचं आणि येताना फाटकाला एक लाल नाडा, म्हणजे पूजेचा धागा, बांधायचा. मी गेले तेव्हा फाटक लोखंडाचं आहे हे हात लावल्याशिवाय कळत नव्हतं.

या मोहिमेच्या पुढे होत्या ताराबाई केवट. स्वतः नाव चालवतात. नवऱ्याच्या किडन्या गेलेल्या, डायलिसिसला त्यांना पलीकडच्या तीरावर न्यावं लागतं. पहिल्याच सकाळी मी ते पाहिलं. चौघांनी खाट उचलली आणि गुडघाभर चिखलातून नावेकडे निघाले. एकाचा पाय घसरला, खाट तिरपी झाली. खाटेवरच्या माणसाने खाटेची दोरी घट्ट धरली. 

बर्वे साहेब खात्याचे इंजिनियर, धारचे. घरी जुनं मराठी, साइटवर सगळी सरमिसळ.

“मॅडम, हे बघून पाघळू नका हं,” ते म्हणाले. “टेस्ट पास झाली तर मी स्वतः कुलूप खोलतो. फेल झाली तर तोडायचा ऑर्डर तयार आहे. मग नवीन केव्हा होईल, भगवान जाने.”

“काटा सांगेल तेच लिहीन, साहेब.”

आता काटा म्हणजे काय ते सांगते. लोड टेस्टमध्ये स्लॅबवर ठरलेलं वजन एक दिवस-रात्र ठेवतात. स्लॅब केसभर वाकतो. खाली घड्याळासारखी डायल गेज लावलेली असते, तिचा काटा हा वाक दाखवतो. मग वजन काढून आणखी तेवढाच वेळ थांबायचं. वाक बराचसा भरून निघाला, म्हणजे काटा मागे आला, तर काँक्रीटमध्ये जीव आहे. नाही निघाला तर आत काहीतरी तुटलंय. खरी परीक्षा वजन काढल्यावरच असते.

वजन म्हणून आम्ही रेतीची पोती ठेवतो. पण नर्मदेची रेती परवान्याशिवाय उचलता येत नाही.

“हम सब खड़े हो जाते हैं मैडमजी,” ताराबाई म्हणाल्या. “पूरा गाँव.”

“टेस्टच्या वेळी वर एक माणूस चालणार नाही,” मी म्हटलं. “पाण्याच्या टाक्या आणा. जितक्या मिळतील तितक्या.”

मला वाटलं, पाच-दहा येतील. दुसऱ्या सकाळी पाण्यावर काळे ठिपके दिसायला लागले. दोन्ही तीरांवरच्या लोकांनी आपापल्या घरावरच्या टाक्या उतरवून नावांत घातल्या होत्या. एकेका नावेत एकेक टाकी, नाव वल्हवणारा तिच्याआड लपलेला. त्या एवढ्या पाण्यावरून टाक्या आपल्याआप चालत आल्यासारख्या दिसत होत्या. मी हातातला चहा प्यायचा विसरले. तितके दिवस त्या घरांनी पाणी कुठे साठवलं, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

फाटकाला कुलूपच होतं, म्हणून टाक्या नावांतूनच जेटीवर चढवून मांडल्या, पाइप जोडले, सगळ्यांचे व्हॉल्व्ह काठावर घेतले. बायकांनी प्रत्येक टाकीला नाडा बांधला, हळदकुंकू लावलं. शेतातल्या पंपाने नर्मदेचं पाणी भरलं. एक दिवस-रात्र गेली, वाक हिशेबात होता. मग ज्याने त्याने आपापल्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, पाणी नदीत सोडलं आणि बंद केला. काटा परतीला लागला. आणि अर्ध्यावर थांबला.

मुदत संपली तसे बर्वे साहेब उठले. “निडल काही वापस येत नाही, मॅडम. फेल लिहून टाकू?” त्यांचाही आवाज उतरला होता.

“टाक्या उतरवून घेऊ आधी,” मी म्हटलं, ताराबाईंच्या नावेतून जेटीवर चढले आणि पहिल्या टाकीवर बोटांनी टकटक केलं. वर पोकळ आवाज आला, खाली भरीव. पुढची वाजवली, तीही तशीच. प्रत्येक टाकीत वीत-दीड वीत पाणी होतं.

“ताराबाई, टाक्या खाली केल्या ना?”

“की ना मैडमजी. मैया का पानी है, बर्तन एकदम सूखा थोड़े ही करते हैं.”

मी कपाळाला हात लावला. नाडा बांधला तेव्हाच त्या टाकीचा कलश झाला होता, आणि कलश कोरडा करायचा नसतो. सगळ्या टाक्यांतलं ते पाणी मिळून चांगलंच वजन होतं. स्लॅब अजून ओझ्याखाली होता, बिचारा वर येणार कसा?

“भिया, दोन माणसं पाठवा, उलटवून टाकतो,” बर्वे साहेबांनी काठावरच्या लोकांना हाक दिली. कोणी उठलं नाही. मी ताराबाईंना सरळ सांगितलं की हे पाणी राहिलं तर जेटी फेल. त्यांनी आधी काठावर ठेवलेल्या नवऱ्याच्या खाटेकडे पाहिलं, मग नदीकडे. मला त्यांच्याकडे बघवेना.

“बाँट दें तो?” त्या हळूच म्हणाल्या. “बाँट दिया तो खाली किया ऐसा नहीं होता.”

गाव उठलं. कोणी लोटा आणला, कोणी कळशी, कोणी बाटली. व्हॉल्व्ह पुन्हा उघडले. रांग काठावरून वर रस्त्यापर्यंत गेली. पलीकडच्या तीरावरून नावा आल्या. रस्त्याने जाणारे परिक्रमावासी थांबले आणि रांगेत उभे राहिले. जो तो पाणी डोक्याला लावून घरी नेत होता. मी दुर्बीण डोळ्याला लावली. काटा हलला, थांबला, पुन्हा हलला. लोक लोटे भरून चालले होते आणि ते अवाढव्य काँक्रीट माझ्या डोळ्यांदेखत वर येत होतं. 

टाक्या कोरड्या झाल्यापासून नवी मुदत धरून आम्ही पुन्हा थांबलो. काटा जेवढा परत यायला हवा होता त्याहूनही जास्त परत आला. जेटी पास झाली. फाटकाचं कुलूप नाड्यांत सापडेना, बर्वे साहेबांनी घाम पुसत ते शोधलं. पुढच्या डायलिसिसला चौघे खाट उचलायला आले, तर ताराबाईंचा नवरा म्हणाला, “रहने दो.” बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो जेटीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि कोरड्या पायांनी नावेत बसला.

हल्ली लोड टेस्टच्या आधी मी साइटवरच्या लोकांना विचारते की तुमच्याकडे भांडं रिकामं झालं असं केव्हा म्हणतात. ज्युनियर हसतात. मी टाकी वाजवून बघते.