पेटीवाल्या काकांचे कान

गोदावरीच्या दोन्ही काठांवर आमच्या पेटीवाल्या काकांइतका तयार कानाचा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका न ऐकणाराही. पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवतात. शेजारच्या गल्लीत कुकरची शिट्टी झाली तरी ती कोणत्या सुरात झाली हे ते सांगतात. काकू जेवायला हाका मारून दमतात ते मात्र त्यांना कळत नाही. एकदा गिरणीचा पट्टा सैल झाल्याचं त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं, आणि गिरणीवाला मागून ओरडत असताना दुसऱ्याच कुणाचं पीठ घेऊन घरी आले.

पण ही कला खरी फुलली ती बुवांशी बिनसल्यापासून. बुवा आमचे मुख्य गायक, मूळचे नांदगावकडचे, आवाज खणखणीत. कुणाच्या तरी वास्तुशांतीला ते भर मंडळीत म्हणाले, "काका, पेटी जरा हळू." एवढंच. त्या दिवसापासून बुवांचा प्रत्येक शब्द काकांच्या कानापर्यंत पोचेतो टोमणा होतो. "आभाळ आलंय," असं बुवा म्हणाले तरी काका मला विचारतात, "म्हणजे मी छत्री आणली नाही, हेच ना?" एकदा काका स्कूटरवरून निघाले तेव्हा बुवा जिवाच्या आकांताने ओरडले, "काका, स्टँड! स्टँड काढा!" "माझी गाडी, माझा स्टँड," असं बजावून काका गेले आणि पहिल्याच वळणावर भाजीवाल्याच्या मेथीत आडवे झाले. उठल्यावर पहिलं वाक्य काय, तर "नीट सांगायला काय होतं यांना?"

तेव्हापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चालतं. मी टाळ वाजवतो आणि दोघांच्या मधे बसतो. बुवा म्हणतात, "यांना सांगा, काळी चार." हातभर अंतरावरचे काका माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. मी म्हणतो, "काळी चार." मग कुठे पेटी त्या पट्टीत बोलू लागते. खोटं कशाला बोलू, मला या कामाची गोडी लागली आहे.

यंदाच्या थंडीत बुवा आजारी पडले. बरे झाले, पण वरच्या सुरांना आवाज फाटायला लागला. एक एकादशी तशीच गेली. मागे बसणारी मंडळी कुजबुजू लागली, आता गायक बदलायला हवा. ते बुवांच्या कानावर गेलं होतं, आणि भजन सुटलं तर या माणसाकडे दुसरं काहीच नव्हतं. पुढच्या एकादशीला ते उतरलेल्या चेहऱ्यानं बसले आणि हट्टानं म्हणाले, "यांना सांगा, काळी चारच. कमी नाय."

मी सांगितलं. काकांनी मान हलवली आणि काळी तीन धरली, म्हणजे नेहमीपेक्षा खालची पट्टी.

माझे टाळ हातातच राहिले. बुवांनी एकदा पेटीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज वर गेला आणि कुठेही फाटला नाही. मागची कुजबुज थांबली. मग मीही टाळ धरले.

चपला घालताना मी काकांना म्हटलं, "बुवांनी चार सांगितली होती. मीही चारच सांगितली."

"ऐकलं की," काका म्हणाले. "तोंडानं चार म्हणत होते. घसा तीन म्हणत होता."

आता तरी दोघं बोलू लागले असतील, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. नाही बोलले. अजून बुवा चार सांगतात, मी चार पोचवतो, काका तीन वाजवतात आणि भजन छान होतं. कधीतरी या दोघांतला एक नसेल आणि मधे बसायची माझी जागाच उरणार नाही, असं मनात आलं की मी टाळ जरा जोरात वाजवतो.