लाल ओळ आली तेव्हा

शेवटच्या वर्षाला मी आणि रोडपालीला राहणारी माझी मैत्रीण मिळून एक प्रोजेक्ट करत होतो. आधीच्या बॅचने जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटं टेस्टिंग टूल लिहिलं होतं. ते प्रोग्रामच्या आत शिरून एकेक टेस्ट चालवायचं. सगळं बरोबर असलं तर हिरवी ओळ, काही चुकलं तर लाल. पुढे जावाच्या नव्या आवृत्तीत मॉड्यूल आले. मॉड्यूल म्हणजे कोडचा बंद कप्पा. आतलं जेवढं उघडं ठेवलंय तेवढंच बाहेरच्याला मिळतं. आमचं टूल बाहेरचं ठरलं. ते मॉड्यूलमध्ये चालवून दाखवायचं होतं. सोमवारपर्यंत जमलं नाही तर विषय बदला, असं सर म्हणाले होते. मग उरलं असतं लायब्ररीचं सॉफ्टवेअर, जे दरवर्षी कोणीतरी करतंच.

शुक्रवारी हिरवी ओळ आली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी सांगेन ते खरं. आई मासळी विकून येताना जिलबी घेऊन आली.

शनिवारी मैत्रीण म्हणाली, "एक टेस्ट मुद्दाम चुकव बघू."

चुकवली. ओळ हिरवीच. टूलला कप्प्यात शिरताच येत नव्हतं. एकही टेस्ट चालत नव्हती, म्हणून एकही चुकत नव्हती.

"जिलबी पचली का गं?" मैत्रीण म्हणाली.

मग आम्ही टेस्ट त्या मॉड्यूलचाच भाग म्हणून जोडल्या आणि मॉड्यूल फक्त आमच्या टूलसाठी उघडं केलं. रविवारी दुपारी त्या मुद्दाम चुकवलेल्या टेस्टला लाल ओळ आली. आम्ही टाळ्या दिल्या.

सोमवारी सरांनी स्क्रीन पाहिली. "लाल आहे. हसताय काय?"

मी म्हटलं, "सर, आधीची हिरवी खोटी होती." चूक दुरुस्त करून पुन्हा चालवलं. आता हिरवी आली.

"विषय ठेवा," सर म्हणाले. "पण एकही टेस्ट चालली नाही, तर टूलने तसं सांगायला हवं. तेवढं करा."

घरी आईला सगळं सांगितलं.

"म्हंजे शुक्रवारी तुमचा काय झालाच नव्हता?"

"नाही."

"आन काल चुकला म्हनून आज पास?"

"तसंच काहीतरी."

"मंग ती जिलबी आजची धर. मी आता परत नाय आननार."

मला ते पटलं.