फोटोतला चौथा

बाळकृष्ण घोरपड्यांना इमारतींचं भारी वेड. एग्मोरच्या रेल्वे ऑफिसात उभी हयात पुलांचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे कुठे कमान दिसली की स्वारी थांबलीच म्हणून समजा. रिटायर झाल्यावर बायको विद्युलता आणि मुलगी कौमुदी यांना घेऊन ते परदेशाच्या सहलीला गेले, आणि फोनमध्ये भरून काय आणलं? खांब, घुमट, जिने, छताची नक्षी. रोमचं कोलोसियम तर इतक्या बाजूंनी काढलं की पुसू नका. विद्युलताबाई दर वेळी म्हणायच्या की दगड कुठे पळून जात नाहीत, माणसं काढा.

पण माणसं काढायची तर बाईंचा कायदा निराळाच. तिघांनी मिळून फोटो काढायचा नाही, अशुभ असतं. आणि घरात माणसं तीनच! आता आली का पंचाईत? एकटीनं उभं राहायलाही त्या तयार नसत. एकटीचा फोटो भिंतीवर टांगायला लागतो, मला एवढ्यात जायचं नाही, म्हणायच्या. मग तोडगा काय, तर समोर दिसेल त्याला धरून आणायचं आणि चौथा म्हणून उभं करायचं. रोममध्ये एक जोगीण, पॅरिसला छत्रीवाले आजोबा. 'या हो, जरा उभे राहा,' असं चक्क मराठीत सांगायचं. आणि लोक मुकाट्यानं यायचे, बोला! कौमुदी सिरुसेरीत संगणकाच्या कंपनीत कामाला, तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

इस्तंबूलला आयासोफियासमोर एक कणसं भाजणारा होता. विद्युलताबाईंनी त्याचं कणीस खाल्लं आणि याला काही चवच नाही, आमच्या मरीना बीचवर याहून बरं मिळतं, असं तोंडावर सांगून टाकलं. पर्समधून तिखट-मिठाची पुडी काढून त्याच्याच कणसावर चोळली आणि त्यालाच खायला लावलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो गाडीकडे पळायला निघाला, तोवर बाईंनी त्याची बाही धरली आणि टूरच्या गाइडला खूण केली. फोटो निघाला तो असा: तिघं घोरपडे, डोळे पुसत हसणारा कणीसवाला, आणि मागचा घुमट वरून पार कापलेला.

सहलीला वर्ष व्हायच्या आत विद्युलताबाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. बाळकृष्णांनी फोन उघडला, तर दगडच दगड. बायको सापडायची ती कुठेतरी एखाद्या परक्या माणसाच्या शेजारी. आपण किती मूर्ख, असं त्यांना वाटलं आणि ते खूप रडले.

कौमुदीला हॉलमध्ये आईचा फोटो हवा होता. इस्तंबूलचाच तिनं निवडला, कारण आई त्यात सगळ्यात जास्त हसत होती. पण तो परका माणूस घरात कशाला? तिनं टी. नगरच्या कृष्णस्वामींच्या स्टुडिओत नेऊन त्याला पुसायला सांगितलं. कृष्णस्वामींनी काम सुरेख केलं. कणीसवाला गेला, त्याच्या जागी मागची भिंतसुद्धा बेमालूम आली.

बाळकृष्णांनी फोटो हातात घेतला आणि निरखून पाहिला. बायकोचा उजवा हात पुढे आलेला होता, बोटं मिटलेली, आणि त्या बोटांत काहीच नव्हतं.

"हिनं धरलेलं माणूस काढून घेतलंस गं," ते म्हणाले. "बघ, हात कसा रिकामा पडलाय."

कौमुदीनं पाहिलं आणि तिला हुंदका आवरेना. कॉम्प्युटरवर मोठा करून बघताना तिला फक्त आईचा चेहराच दिसला होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टी. नगरला गेली. कृष्णस्वामींनी मूळ फोटो होता तसा मोठा करून फ्रेममध्ये बसवून दिला.

वर्षश्राद्धाला विद्युलताबाईंच्या थोरल्या बहीण, अर्चनाताई, पुण्याहून आल्या. सकाळी त्या मोगऱ्याचा लांब गजरा घेऊन आल्या आणि फोटोला घालायला निघाल्या, तर बाळकृष्ण आडवे आले. जिवंत माणसांच्या फोटोला हार घालत नाहीत, ताईंना हे काय सांगायला हवं होतं? त्या चपापल्या. मग म्हणाल्या, तिचा एकटीचा कापून घ्या ना, आणि हा कोण कुठला कणीसवाला मध्येच?

बाळकृष्णांनी गजरा त्यांच्या हातातून घेतला आणि देवापुढे ठेवला.

"तो आमच्यातलाच," ते म्हणाले. "मी, कौमुदी आणि तो, आम्ही तिघं आहोत अजून. तिघांचा फोटो तिला चालत नाही, ताई. चौथी म्हणून तिला राहू दे."