पर्जन्यमापकाला अभिषेक

बाहेर कुठे बोलायची सोय नाही, पण तुम्ही घरचे म्हणून सांगतो. गेल्या वैशाखात आमच्या गावात ढगफुटी झाली. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, तरी झाली, आणि ती मी केली. हसू नका, चहा सांडेल.

आमचं गाव कुंभिवलीच्या मागे, हायवेपासून आत. सरकारनं हवामान आणि समुद्राच्या अभ्यासाला मोठा निधी दिला आणि त्यातून पाऊस मोजायची यंत्रं निघाली. दोन वर्षं मी अर्जावर अर्ज केले, भाताच्या खाचराशेजारची जागासुद्धा फुकट दिली. शेवटी यंत्र आलं, पण महिनाभराच्या बोलीवर. माहिती नीट आली तर कायमचा निधी, नाहीतर यंत्र उचलून पलीकडच्या गावाला. आणि पलीकडचं गाव म्हणजे माझी सासुरवाडी! आता कळलं ना, माझा जीव कशात अडकला होता?

यंत्र म्हणजे एक खांब, वर सौर पाटी आणि शेजारी वरून उघडा गोल डबा. डब्यात पाऊस पडला की आकडा थेट मोठ्या ऑफिसात, आणि तिथून माझ्या मोबाइलवर. बसवायला आलेल्या तरुण इंजिनियर साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, यंत्राची पूजा राहिली.

तुम्हीच सांगा, नवा ट्रॅक्टर आला की आपण नारळ फोडतो, बोअरला पाणी लागलं की पूजा करतो. मग सरकारी यंत्र तसंच उघडंबोडकं ठेवायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाच सवाष्णी बोलावल्या. खांबाला हळदकुंकू लागलं, सौर पाटीवर झेंडूचा हार चढला. डब्याचं तोंड तर आयतंच उघडं. प्रत्येकीनं एकेक तांब्या पाणी घातलं. यजमान म्हणून मी वाटीभर दही, चमचाभर मध आणि वर एक सुपारी घातली.

प्रसाद वाटून घरी येतो तोच मोबाइल वाजला. पाऊस एकशे एकोणीस मिलिमीटर. अतिवृष्टी.

मी बाहेर पाहिलं. ऊन असं की कोंबड्यासुद्धा सावली सोडत नव्हत्या.

"आवं, ह्यो कुठला पाऊस?" बायकोनं विचारलं.

"यंत्र बिघडलं गं. आता जातंय तुझ्या माहेरी."

"जाऊ द्या की. माझ्या माहेरी काय वाईट हाय?"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "दामूकाका, तुमच्याकडे पाऊस आहे?"

नाही म्हणालो असतो तर यंत्र खोटं ठरलं असतं आणि निधी गेला असता. मी म्हणालो, "हाय ना साहेब, लय हाय."

"आम्हाला उपग्रहावर ढग दिसत नाही."

"बारीक ढग हाय साहेब. आमच्याच वावरावर हाय."

"ओढ्याला पाणी?"

"रस्त्यावर आलंय."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

एकदा सुरुवात केली की माणूस थांबतोय थोडाच? "माळ्यावर बसलोय साहेब."

साहेब घाबरले. "तिथून हलू नका. बोट पाठवतो."

आता बोटीपुरतं पाणी आणायचं कुठून? वीटभट्टीवाल्या बाळारामला फोन लावला.

"टँकर घेऊन ये. रस्ता भिजवायचाय."

"कशाला रं?"

"पाऊस पडलाय."

"कुठं?"

"तू आल्यावर पडंल."

बाळाराम आला. पण वैशाखात गावात टँकर शिरला तर काय होणार? सगळ्या बायका हंडे घेऊन धावल्या. रस्त्याला थेंब लागला नाही. कशीबशी एक बादली माझ्या वाट्याला आली, ती मी स्वतःच्याच अंगावर ओतून घेतली. निदान एक तरी पुरावा ओला हवा. आणि छत्री उघडून रणरणत्या उन्हात रस्त्यावर उभा राहिलो.

धुरळा उडवत जीप आली. टपावर रबरी बोट, आत नारिंगी जाकिटातली चार माणसं, मागून मोटरसायकलवर साहेब.

"पूर कुठंय?" जीपमधला एकजण म्हणाला.

मी छत्री जरा खाली ओढली.

साहेब थेट यंत्राकडे गेले. डब्यात वाकून पाहिलं आणि आतली सुपारी चिमटीत उचलली. "काका, हे पांढरं काय आहे?"

"दही साहेब. घरचंच हाय, आंबट नाय."

"आणि पाणी किती घातलंत?"

"पाच तांबे."

साहेबांनी आमच्या घरचा तांब्या मागवला, मापला, कागदावर हिशेब मांडला आणि मग कपाळावरचा घाम पुसला. "एकशे एकोणीस. दह्यानं बंद पडेपर्यंत यंत्रानं बरोबर मोजलंय. एवढं अचूक यंत्र मी अजून पाहिलेलं नाही."

मला अक्षरशः रडू आलं. यंत्र पास झालं होतं!

निधी आला, यंत्र कायमचं आमचं झालं. पण पहिल्या हप्त्यात आधी आलं ते उंच जाळीचं कुंपण आणि भलंमोठं कुलूप. मी साहेबांना फोन केला. "साहेब, इकडं गुरं फिरकत नाय. कुंपण कशाला?"

"गुरांसाठी नाही काका," साहेब अदबीनं म्हणाले. "कुंपण मागताना कोणापासून धोका आहे ते लिहावं लागतं. आम्ही तुमचं नाव लिहिलं."