तीन शिफ्टची आमटी

चारू,

तुझ्या नीलिमाने फोनवर फर्मान काढलं, "मावशी, गाइड पथकाच्या स्मरणिकेसाठी आईवर लिहा. पण गोड गोड नको." गोड लिहायला मी कधी शिकले होते? तेव्हा ऐक. मध्येच तोडायची तुझी सवय. आता तोडू शकत नाहीस, त्याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

तू निगडीच्या प्राधिकरणात राहायला आलीस तेव्हा तिथे बंगले थोडे आणि प्लॉटचे नंबर घातलेले दगडच फार. सुरेंद्ररावांची नोकरी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात. बाकीच्या बायका कुंपणाला मेंदी लावत होत्या, आणि तू रिकाम्या प्लॉटवर शिट्टी फुंकून मुली गोळा केल्यास. निम्म्या बंगल्यांतल्या, निम्म्या तळवड्याकडच्या चाळींतल्या. एकीला बूट, दुसरीला चपला, तिसरी अनवाणी. "आधी पाय जुळू देत, बूट मागून जुळतील," म्हणालीस. मी शाळेत इतिहास शिकवत होते. मला न विचारताच तू मला पथकाची चिटणीस करून टाकलंस.

स्काउट-गाइडचा विभागीय मेळावा दर हिवाळ्यात शनिवार-रविवारी भरायचा, आणि दर वेळी दुसऱ्याच्या गावात. आपण पाहुणे. पाहुण्यांचे तंबू कुठे? संडासाच्या चरांशेजारी. एका वर्षी आपली सगळ्यांत धाकटी गाइड नाकाला रुमाल बांधून झोपली. परतीच्या बसमध्ये   चिंचवड आलं तशी म्हणालीस, "मृदुला, पुढचा मेळावा आपल्या माळावर. माझ्या मुली आता पाहुण्या म्हणून कुठे जाणार नाहीत."

विभागाचे प्रमुख होते प्रभाकरराव. मिशी पांढरी, विजार खाकी आणि जीभ तिखट. ते म्हणाले, "चारुलताबाई, कारखान्यांचं गाव तुमचं. चर कोण खणणार, पाणी कोण भरणार? आधी येऊन पाहीन. माणसं दिसली नाहीत तर मेळावा दुसरीकडे. आणि मग पुन्हा मागायचा नाही."

"माणसं? वाटेल तेवढी!" तू ठोकून दिलंस.

मग पालकांची सभा घेतलीस. त्या रुमालवाल्या मुलीचा बाप ज्योतीराम उठला. परभणीकडचा, लेथवर काम करणारा. "बाई, शनवार-रविवारी आमी ड्यूटीवर राहतोत की ओ. आमची सुट्टी गुरुवारची."

सगळ्या माना हलल्या. आपल्या भागात वीज वाटून द्यायची म्हणून कारखाने गुरुवारी बंद, हे शेंबड्या पोराला ठाऊक. पण तुझा नवरा ऑफिसवाला, माझी शाळा. आपल्या दोघींच्या घरी रविवार. आपण एवढी वर्षं तिथे राहिलो आणि रस्त्यापलीकडची सुट्टी आपल्याला दिसली नाही!

"मग मेळावाच गुरुवारी घ्या," मागून कोणीतरी म्हणालं.

"आणि शाळा काय तुझा मामा बंद ठेवणार?" तू.

लोक हसले आणि पांगले. प्रभाकररावांची पाहणी दोन दिवसांवर. मी म्हटलं, चारू, कळवून टाकू, झेपत नाही. तू माझ्याकडे असं पाहिलंस, की मी गुपचूप पायात चपला घातल्या.

मला ओढत नेलंस ते कारखान्याच्या फाटकावर. वॉचमन म्हणाला, "ताई, युनियनची मीटिंग हाय का?"

"युनियनवाले नुसतं बोलतात, भाऊ. मला काम करून घ्यायचंय. तुमचं स्टूल द्या."

भोंगा झाला. पहिली शिफ्ट डबे हलवत बाहेर पडू लागली, दुसरी सायकली ढकलत आत. त्या गर्दीत तू माझं मनगट असं आवळलंस, की बांगडी रुतली. "बघ, बघ! जेवढे आत जातायत तेवढेच बाहेर येतायत. मृदुला, इथली माणसं कधी संपतच नाहीत!"

आणि स्टुलावर चढून शिट्टी फुंकलीस. सगळी सायकलवाली मंडळी थबकली. "भाऊ, सुट्टी नको तुमची! पहिल्या शिफ्टवाल्यांनी दुपारी या, दुसरीवाल्यांनी सकाळी, रात्रपाळीवाल्यांनी झोप काढून संध्याकाळी. मेळावासुद्धा तीन शिफ्टमध्ये चालेल. कोण येतं?"

"ओव्हरटाइम मिळंल का, बाई?" कोणीतरी ओरडलं.

"आमटी मिळेल!"

ज्योतीरामने सायकल स्टँडला लावली आणि सगळ्यांत आधी हात वर केला.

प्रभाकरराव सकाळी आले तेव्हा माळावर चर खणणं चालू होतं. चहा घेऊन दुपारी पुन्हा माळावर आले, तर फावडी तीच आणि तोंडं निराळी. "मघाची माणसं कुठे गेली?" तू म्हणालीस, "कामावर. ही कामावरून आलीत." त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. मेळावा आपला झाला.

शनिवारी माळ नुसता फुलला. प्रत्येक पथकाला एकेक प्लॉट, नंबराच्या दगडावर ज्याचा त्याचा झेंडा. आमटीसाठी लग्नातलं तपेलं कुरुळी गावच्या सुभद्राबाईंचं, आणि तपेल्याबरोबर त्या स्वतः. "भांडं जातंय तितं मी जाते. मागच्या लग्नात कान मोडून दिला व्हता एकानं."

आता मिठाचं लिहिणारच. कारखान्यात शिफ्ट बदलताना उरलेलं काम सांगतात. झालेलं कोण सांगतो? दुपारवाल्यांनी मीठ घातलं आणि जाताना सांगितलं, "कोथिंबीर राहिलीय." संध्याकाळवाल्यांनी कोथिंबीर घातली आणि मीठही घातलं. तिसऱ्यांदा मीठ पडलं ते तुझ्या हातचं, न चाखता. आयुष्यभर तू न चाखताच मीठ घातलंस, चारू, सुरेंद्ररावांना विचार हवं तर.

प्रभाकररावांनी पहिला घोट घेतला. "बाई, ही आमटी आहे की मिठागर?"

सगळा विभाग ताटं घेऊन रांगेत उभा, आणि तुझ्या मुलींची तोंडं एवढीशी. वर्षभर ऐकावं लागलं असतं त्यांना. तू मात्र पदर खोचलास. "हंडे आणा. डाळ शिजवा. सुभद्राबाई, तुमचं दुसरं तपेलं टेम्पोतच आहे ना?" एका तपेल्याची दोन झाली, मग मिळतील तेवढी पातेली भरली. आमटी चवीला आली तेव्हा आख्ख्या निगडीला पुरेल एवढी झाली होती. तू ज्योतीरामला पिटाळलंस, "चाळींत सांग, ज्याला भूक असेल त्याने ताट घेऊन यावं."

आणि आले ना! बायका, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. प्लॉटाप्लॉटांवर पंगती बसल्या. सुभद्राबाई आपल्या लांब दांड्याच्या पितळी ओगराळ्याने वाढत होत्या. शेकोटीला गाणी गायला सगळी वस्ती. असा मेळावा विभागात कधी कोणी पाहिला नव्हता.

रविवारी संचलनात यजमान पथक सगळ्यांत पुढे. झेंडा त्या धाकटीच्या हातात, पायात उसने बूट, पण पाऊल अचूक. रस्त्यावर पहिल्या शिफ्टवरून सुटलेले बाप सायकलवरून उतरून उभे. प्रभाकरराव स्वतः कुंपणापर्यंत गेले आणि ज्योतीरामपुढे स्काउटच्या रीतीने हात मिळवायला डावा हात केला. उजव्या हातात त्याचा डबा होता, त्यामुळे अडचण पडली नाही. "पुढच्या वर्षीही इथेच," प्रभाकरराव म्हणाले. तू रडलीस. धूळ गेली म्हणून सांगत होतीस. माळावर वाऱ्याची झुळूक नव्हती.

मुली त्यानंतर कधी चरांशेजारी झोपल्या नाहीत. ते तुझं काम, चारू, आणि ते मी लिहून ठेवते आहे.

एकच राहिलं. तपेली टेम्पोने गेली. ओगराळं झेंड्यांच्या गुंडाळीत अडकून माझ्याकडे आलं. सुभद्राबाईंनी निरोप धाडला, "टेम्पोनं नगं. दोघींनी हातानं आणून द्या, जेवल्याबिगर सोडायची न्हाई." पण लेकाची कारखान्याची सुट्टी म्हणून त्या घरी असायच्या गुरुवारी, आपण मोकळ्या रविवारी. रविवारी त्या शेतावर. तू दर वेळी म्हणायचीस, "काढू गं एक दिवस." तीन शिफ्टची माणसं जुळवलीस आणि तीन बायकांची सुट्टी जुळवता आली नाही तुला. मग सुरेंद्ररावांची बदली झाली.

ओगराळं माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे. चिंचेने घासते, वापरत नाही. आपलं नाही ते.